हौसेला मोल नाही? शंभर मार्क फक्त!

लग्नाचा बस्ता असो नाहीतर कॅमेऱ्याची नवी लेन्स, 'हौसेला मोल नाही' हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं. पैसे दुसरा कुणी भरणार असेल तर जरा जास्तच. :) पण हौसेचं मोल एकदा चक्क पंचांनी ठरवून दिलं होतं. स्थळ बर्लिन, साल १९३६, रक्कम १०० मार्क.

ही गोष्ट आहे टोनी मेर्केन्स नावाच्या जर्मन सायकलपटूची. बर्लिन ऑलिम्पिक म्हटलं की आपल्याला आधी ध्यानचंद आठवतो, जर्मनीला ८-१ ने हरवलेली ती फायनल आठवते. मराठी माणसाला अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही आठवायला हवं, कारण तिथले खेळाडू याच ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आले होते. जरा जास्त वाचन असेल तर जेसी ओवेन्स. सायकलिंग कुणाला आठवत नाही. मला मात्र मेर्केन्सची गोष्ट वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाही. त्याचं कारण शर्यत नाही, तो १०० मार्कांचा दंड आहे.

आधी माणसाची ओळख करून घेऊ. मेर्केन्स कोलोनचा. (हो, लहानपणी ताप आला की कपाळावर ज्याची पट्टी ठेवायचे ते यू-डी-कोलोन याच गावचं.) जन्म २१ जून १९१२. शिक्षण सायकल मेकॅनिकचं. फ्रिट्झ क्योट्के नावाच्या कोलोनमधल्या सायकल बनवणाऱ्याकडे तो उमेदवारी करत होता. म्हणजे आधी हात काळे केले, मग पेडल मारलं. गावही सायकलवेडं. १८९५ साली जागतिक सायकलिंग स्पर्धा कोलोनला भरली होती, आणि व्यावसायिक खेळाडूंना पहिल्यांदा जगज्जेतेपद मिळालं ते तिथेच.

मेर्केन्सचा खेळ म्हणजे स्प्रिंट. आता स्प्रिंट म्हटलं की वाटतं, शिट्टी वाजली की जीव खाऊन पळत सुटायचं. ट्रॅकवरची स्प्रिंट अशी अजिबात नसते. अंतर साधारण १००० मीटर, पण घड्याळ लावतात ते फक्त शेवटच्या २०० मीटरना. त्याआधी दोघं स्पर्धक मांजरासारखे एकमेकांवर नजर ठेवून हळूहळू जात असतात. कधी कधी तर सायकल जागच्या जागी उभी करतात, पाय खाली न टेकवता! याला कारण आहे हवा. पुढचा माणूस हवा कापतो आणि मागच्याला आयता आडोसा मिळतो. त्यामुळे शहाणा माणूस मागे राहतो, दम राखतो आणि शेवटच्या क्षणी बाजूने निसटतो. सायकलला ब्रेक नाही, गिअर एकच, फ्रीव्हील नाही. म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. ताकद लागतेच, पण त्याहून जास्त लागतं समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं. थोडक्यात, बुद्धिबळ, फक्त ६० च्या स्पीडने.

अशा खेळात एक नियम फार महत्त्वाचा. शेवटचा जोर सुरू झाला की पुढच्याने आपली रेघ सोडून मागच्याच्या वाटेत आडवं यायचं नाही. मागचा त्या वेगात असताना पुढचा हातभर जरी सरकला, तरी मागच्याला दोनच पर्याय उरतात: पाय ढिले सोडायचे किंवा हाडं मोडून घ्यायची.

१९३५ साली ब्रुसेल्सला मेर्केन्स स्प्रिंटमध्ये हौशी गटाचा जगज्जेता झाला. म्हणजे बर्लिनला तो आला तेव्हा कुणी ऐरागैरा नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता 'हौशी गट' म्हणजे काय भानगड, ते पाहू. आज आपल्याला ही विभागणी विचित्र वाटते, पण त्या काळी खेळाडूंच्या दोन जाती होत्या: हौशी आणि व्यावसायिक. ऑलिम्पिकला फक्त हौशी. खेळण्याचे पैसे घेतलेस की बाद. नियम उदात्त वाटतो ना? त्याचं मूळ मात्र तितकंसं उदात्त नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'हौशी' या शब्दाची व्याख्या झाली तेव्हा पैसे घेणं हा एक भाग होता आणि जन्म हा दुसरा. हाताने काम करणारा मेकॅनिक, कारागीर, मजूर हा हौशी असूच शकत नाही, असं तेव्हाच्या काही नियमांत सरळ लिहिलेलं होतं. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकास्पर्धेत हे कलम १९३७ पर्यंत टिकलं! म्हणजे कोलोनचा हा सायकल मेकॅनिक बर्लिनला ऑलिम्पिक खेळत होता, त्या वर्षी हेन्लीला त्याला वल्ह्याला हात लावू दिला नसता. हौस ही सुखवस्तू माणसानेच करायची गोष्ट आहे, हा त्यातला खरा अर्थ. सायकलिंगमध्ये एवढं सोवळं नव्हतं, पण पैशाची रेघ मात्र पक्की होती.

तर ऑगस्ट १९३६. बर्लिनमध्ये ऑलिम्पिकसाठी उभारलेला तात्पुरता लाकडी ट्रॅक. फायनलला मेर्केन्ससमोर होता हॉलंडचा आरी फान फ्लीट, वय वर्षं २०. हा पोरगाही काही साधा नव्हता. याच ऑलिम्पिकमध्ये एक किलोमीटर टाइम ट्रायलचं सुवर्ण त्याने घेतलं. स्प्रिंटची फायनल तीनपैकी दोन शर्यतींची. पहिल्या शर्यतीत फान फ्लीट बाजूने पुढे निघायला गेला आणि मेर्केन्स त्याच्या वाटेत आडवा आला. रेषेवर मेर्केन्स पहिला.

डच मंडळींनी तक्रार केली. आता नियमाप्रमाणे काय व्हायला हवं? आडवा आला नसेल तर तक्रार फेटाळायची. आला असेल तर मेर्केन्स बाद, शर्यत फान फ्लीटची. तिसरा पर्याय नाही. पंचांनी तिसरा पर्याय शोधून काढला. निकाल कायम, आणि मेर्केन्सला १०० मार्क दंड.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार लगेच कळेल. रिलीज उद्यावर आलंय, टेस्ट फेल होतेय, मग कुणीतरी हुशार माणूस त्या एररची वॉर्निंग करून टाकतो. लॉगमध्ये एक ओळ पडते आणि बिल्ड हिरवा! :) चूक झाली हे मान्य आहे, त्याची नोंदही आहे, फक्त तिचा परिणाम काहीच होत नाही.

दुसरी शर्यत मेर्केन्सने जिंकली, आणि सुवर्णपदकही. फान फ्लीटला रौप्य. कांस्य फ्रान्सच्या लुई शायोला.

आता त्या १०० मार्कांकडे जरा नीट पाहा. त्या वर्षी जर्मनीत नोकरदाराची सरासरी वार्षिक कमाई १८०० मार्कांच्या आतबाहेर होती. म्हणजे १०० मार्क ही साधारण तीन आठवड्यांची मजुरी. रक्कम अगदीच किरकोळ नाही, पण ऑलिम्पिक सुवर्णपदकाच्या मानाने फारच स्वस्त. आणि गंमत बघा, दंड कुणाला? हौशी खेळाडूला. ज्याने खेळापायी एक छदाम घेतला तर त्याला ऑलिम्पिकमधून हाकलतील, त्याला खेळातल्या गुन्ह्याची किंमत मात्र रोख मोजायला सांगितली. पैशाला शिवायचं नाही असा ज्या खेळाचा धर्म, त्याचं प्रायश्चित्तही पैशातच!

नियम कुठे ढिला आणि कुठे कडक, हे बघायचं असेल तर त्याच महिन्यातली दुसरी घटना बघा. जेसी ओवेन्सने बर्लिनला चार सुवर्णपदकं जिंकली. लगेच अमेरिकेच्या हौशी खेळाडूंच्या संघटनेने आपल्या खेळाडूंना युरोपभर प्रदर्शनी सामन्यांसाठी फिरवायला सुरुवात केली. पळायचं ओवेन्सने, आणि तिकिटांच्या पैशात त्याला वाटा शून्य. थकलेला ओवेन्स स्वीडनला जायला नाही म्हणाला आणि घरी निघून गेला. संघटनेने त्याला निलंबित केलं. हौशी खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द तिथेच संपली. पुढे पोटासाठी घोड्यांशी शर्यती लावायची वेळ या माणसावर आली.

म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आडवं आलास तर १०० मार्क, आणि फुकट पळायला नाही म्हणालास तर आयुष्यभराची बंदी. हौशीपणाचा नियम खेळातला प्रामाणिकपणा जपण्यासाठी आहे असं सगळे म्हणायचे. माझ्या मते तो प्रामाणिकपणाकडे बघतच नव्हता. तो फक्त पैसा कुठून कुठे जातोय एवढंच बघत होता, आणि तेही सोयीने.

असो. इथपर्यंत वाचून मेर्केन्स खलनायक वाटायला लागला असेल, तर जरा थांबा. पदक ठेवायचं की काढायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. नाझी राजवटीने सगळ्या जगाला बोलावून मांडलेला तो बाजार होता, आणि त्यात जर्मन सुवर्णपदक ही सगळ्यात खपणारी वस्तू होती. शेवटी ३३ सुवर्णपदकं घेऊन जर्मनी पदकतालिकेत पहिली आली. आणि मघाशी म्हटलं ते आठवा, मेर्केन्स आधीच जगज्जेता होता. पहिली शर्यत काढून घेतली असती तर कदाचित त्याने पुढच्या दोन्ही मारल्या असत्या. मारल्या नसत्या तर रौप्यपदक मिळालं असतं, स्वच्छ. पंचांनी फान फ्लीटवर अन्याय केला हे उघड आहे. पण मला वाटतं, थोडा मेर्केन्सवरही केला. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचं वर्णन १०० मार्कांच्या उल्लेखाशिवाय करताच येत नाही.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. हाही कोलोनचाच, मेर्केन्सहून चारच महिन्यांनी लहान, खेळही तोच, स्प्रिंट. नाव अल्बर्ट रिश्टर. (भूकंपवाला नव्हे.) १९३२ साली रोमला हाही हौशी गटाचा जगज्जेता झाला. त्या वर्षीचं ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला होतं, पण मंदीच्या त्या दिवसांत त्याला तिथे पाठवायला जर्मन संघटनेकडे पैसे नव्हते. रोमनंतर रिश्टर व्यावसायिक झाला. म्हणजे ऑलिम्पिकचं दार कायमचं बंद. १९३३ ते १९३९ सलग सात वर्षं तो व्यावसायिक गटाचा जर्मन विजेता होता. १९३४ आणि १९३५ च्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला.

रिश्टरचा मॅनेजर होता एर्न्स्ट बर्लिनर, ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू मॅनेजर ठेवणं ही काय गोष्ट होती, ते वेगळं सांगायला नको. रिश्टरने त्याला सोडलं नाही. १९३७ साली बर्लिनरला हॉलंडला पळून जावं लागलं, तरीही संबंध तोडले नाहीत. १९३४ सालचा हॅनोवरमधला एक फोटो प्रसिद्ध आहे. रिश्टर विजेता म्हणून उभा आहे, आजूबाजूच्यांचे हात नाझी सलामीसाठी वर गेलेत आणि याचे हात खाली. भाषणबिषण काही नाही, नुसते हात खाली. जर्सीवरही स्वस्तिक नाही, जुना जर्मन गरुड.

डिसेंबर १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर, रिश्टरने बर्लिनची ग्रां प्री जिंकली. ती त्याची शेवटची शर्यत. ३१ डिसेंबरला तो सायकल घेऊन स्वित्झर्लंडच्या गाडीत बसला. ट्रॅकच्या सायकलचे टायर आपल्या सायकलसारखे नसतात. ट्यूबभोवती टायर शिवून टाकलेला असतो आणि तो रिमला चिकटवतात. शिवण उसवायची, आत काहीतरी भरायचं आणि परत शिवायचं, हे जमण्यासारखं असतं. रिश्टरच्या टायरमध्ये १२,७०० मार्क होते. त्याचे स्वतःचे नव्हते. देश सोडून गेलेल्या एका ज्यू व्यापाऱ्याचे होते. त्या काळी देश सोडणाऱ्या ज्यू माणसाला सोबत फक्त १० मार्क नेता येत. बाकी आयुष्यभराची कमाई सरकारजमा.

सीमेवर वाइल आम ऱ्हाइनला गाडी थांबली. अधिकाऱ्यांनी इकडे तिकडे न शोधता सरळ टायरलाच हात घातला, असं पाहणाऱ्यांनी पुढे सांगितलं. म्हणजे खबर आधीच पोहोचली होती. रिश्टरला लोराखच्या तुरुंगात नेलं. २ जानेवारी १९४० ला त्याचा भाऊ भेटायला गेला तेव्हा त्याला दाखवलं ते प्रेत. सरकारी कारण आत्महत्या. वय २७. सायकल संघटनेच्या मुखपत्राने त्याचं नाव आपल्यातून कायमचं पुसून टाकल्याचं जाहीर केलं. बर्लिनर युद्धातून वाचला. १९६० च्या दशकात त्याने या मृत्यूची चौकशी व्हावी म्हणून जर्मनीत तक्रार केली. ती चौकशी काही निष्पन्न न होता बंद झाली.

आणि मेर्केन्स? ऑलिम्पिकनंतर तोही व्यावसायिक झाला. पुढे मोटारसायकलच्या मागे धावायच्या शर्यतींकडे वळला. मग युद्ध. ज्या राजवटीने त्याला पदक राखून दिलं, तिनेच त्याला गणवेश चढवून पूर्व आघाडीवर पाठवलं. तिथे झालेल्या जखमांनी २० जून १९४४ ला बाड विल्डुंगेनला तो गेला. दुसऱ्या दिवशी ३२ वर्षांचा झाला असता.

एकाच गावातली, एकाच वर्षी जन्मलेली दोन पोरं. एक हौशी, एक व्यावसायिक. त्या काळच्या समजुतीप्रमाणे पहिला खेळावर प्रेम करणारा आणि दुसरा पैशासाठी खेळणारा. एकाच्या नावापुढे १०० मार्क लागले आणि दुसऱ्याच्या १२,७००. पहिल्या रकमेने एक पदक वाचलं. दुसऱ्या रकमेने कुणाच्या तरी आयुष्यभराच्या कमाईचा एक तुकडा वाचायचा होता, आणि तो नेणाऱ्याचा जीव गेला. हौशी-व्यावसायिक या लेबलांवरून माणसाबद्दल काही कळतं असं मला तरी आता वाटत नाही. सायकलिंगच्या जागतिक स्पर्धांनी ही विभागणी १९९३ मध्ये काढून टाकली, ऑलिम्पिक सायकलिंगने १९९६ मध्ये. उशिरा का होईना, बरं झालं.

या दोघांची नावं आज कुठे भेटतात? कोलोनच्या सायकल ट्रॅकला १९९६ पासून अल्बर्ट रिश्टरचं नाव आहे. जे नाव कायमचं पुसलं होतं, ते आता दारावरच लिहिलंय. मेर्केन्सच्या नावाचा एक रस्ता म्युनिकच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये आहे. १९७२ च्या ऑलिम्पिकचा सायकल ट्रॅक याच रस्त्यावर होता. तो ट्रॅक २०१५ मध्ये पाडला. त्या जागी २०२४ मध्ये आइस हॉकी आणि बास्केटबॉलचं नवं स्टेडियम उघडलं. त्याचं नाव काय, माहितेय? सॅप गार्डन. हो, तीच आपली सॅप, जिच्या मॉड्यूल्समध्ये आपल्यातल्या कित्येकांचे सोमवार ते शुक्रवार जातात. तेव्हा कधी ऑनसाइटला म्युनिकला गेलात आणि कुणी मॅचचं तिकीट दिलं, तर पत्ता जरूर वाचा. टोनी मेर्केन्स वेग, नंबर ४. आणि वीकेंडला वेळ मिळाला तर गाडी पकडून कोलोनलाही जाऊन या. 

फान फ्लीटचं सांगायचं राहिलंच. बर्लिनला हुकलेलं स्प्रिंटचं जगज्जेतेपद त्याने त्याच वर्षी झुरिचला हौशी गटात मिळवलं. मग व्यावसायिक होऊन १९३८, १९४८ आणि १९५३ मध्ये, म्हणजे शेवटचं वयाच्या ३७ व्या वर्षी. २००१ साली गेला, ८५ वर्षांचा होऊन. तिघांतला म्हातारा होण्याची संधी मिळालेला तो एकटाच.